थोरलीचा क्लच

त्या घरात मोटारी दोन होत्या, आणि दोघींना घरच्या माणसांसारखा मान होता. बाजारहाट, बँक, दवाखाना अशी किरकोळ कामे बिनबोभाट उरकणारी पांढरी, आटोपशीर गाडी ती धाकटी. गॅरेजच्या दाराची दोन्ही कवाडे सताड उघडल्यावाचून जिला बाहेर पाऊल टाकता येत नसे, ती थोरली. थोरलीला दारे दोनच. पण नाक एवढे लांब की ते आधी वळणावरून पुढे जाई आणि बाकीचे अंग मागाहून सावकाश येई. गडद डाळिंबी रंग, आठ सिलिंडरांचे इंजिन. ते सुरू झाले की शेजारच्या खिडक्यांची तावदाने आदराने थरथरत. तिच्या वयाच्या गाड्या एव्हाना भंगारात तरी गेल्या होत्या किंवा काचेमागे तरी. थोरली मात्र दर रविवारी रस्त्यावर असे.

तिचे धनी तात्या. पुलांचे आराखडे काढण्यात त्यांची हयात गेली होती, आणि निवृत्तीनंतरही पेन्सिलीला टोक केल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. त्यांच्या शेजारच्या आसनावर माई. माई एका मोठ्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात मुख्य परिचारिका होत्या. शल्यविशारदाने मागण्यापूर्वीच त्याच्या तळहातावर नेमके हवे ते उपकरण ठेवणे, ही त्यांची ख्याती होती. लहर आली की तात्या त्यांना आजही ‘सिस्टर’ म्हणत.

थोरली चालवण्याची या दांपत्याची एक रीत होती. चक्र तात्यांच्या हाती, क्लच तात्यांच्या डाव्या पायाखाली. पण दोन आसनांच्या मधला गियरचा दांडा मात्र माईंच्या उजव्या हातात. नव्या संसारात, दारावर पाटी लावताना तात्या शिडीवरून घसरले आणि डावा हात प्लास्टरात गेला. कचेरी तर चुकवता येत नव्हती. “तुम्ही पाय सांभाळा, हात माझा,” असे म्हणून माई शेजारी बसल्या. यथावकाश प्लास्टर निघाले, पण दांडा काही परत मिळाला नाही. एकदा तात्यांनी चाचरत विषय काढला, तेव्हा माई म्हणाल्या, “का? काही चुकतंय का माझं?” चुकत काहीच नव्हते. तात्यांनी क्लच दाबावा आणि त्याच क्षणी दांडा लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरावा, हे इतकी वर्षे चालले होते. कोणी कोणाला काही सांगत नसे. माईंना नेमके कधी कळते आणि कसे कळते, हे दोघांनीही कधी एकमेकांना विचारले नव्हते. जे बिनचूक चालते त्याची चौकशी कोण करतो?

आणि मग क्लच गेला.

घाटाच्या पहिल्याच चढावर इंजिन ढगासारखे गडगडले, पण थोरली जागची हलेना. जळक्या वासाने माईंनी नाकाला पदर लावला. “गर्जेल तो पडेल काय,” असे पुटपुटत तात्यांनी गाडी उतारावरून मागे घेतली आणि कशीबशी दुरुस्तीच्या गॅरेजात आणली. ते गॅरेज चालवणाऱ्या बाईंना लहानथोर सगळे ताईच म्हणत. ताईंनी गाडीखाली जाऊन गियरबॉक्स उतरवला, काळीठिक्कर चकती बाहेर काढली आणि तात्यांच्या पुढ्यात धरली.

“काका, ही प्लेट राहिली नाही, बशी झालीय. हिच्यावर फक्त चहा ओतायचा.”

“इतकी झिजली?”

“झिजणारच. आणि ही वरची प्रेशर प्लेट बघा. काय या स्प्रिंगा! मी दाबायची म्हटलं तर दोन्ही पायांनी उभं राहावं लागतं. तुम्ही या वयात हे दाबत होता? गुडघा आहे की जॅक?”

हा प्रश्न ताईंनी थट्टेने विचारला खरा, पण वर्मी लागला. डाव्या गुडघ्याने काही महिन्यांपासून असहकार पुकारला होता. डॉक्टरांनी क्ष-किरण छायाचित्र उजेडापुढे धरून बजावले होते, की या पायाने जड काही ढकलायचे नाही. आणि डॉक्टर तेवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. ते चिरंजीवांशीही बोलले. चिरंजीव डोंगरमाथ्यावरच्या वसाहतीत राहत. त्यांचा फोन आला तो सौजन्याने ओथंबलेला.

“बाबा, संग्रहालयाचे ते गृहस्थ थोरलीबद्दल पुन्हा विचारत होते. तिथे तिला पावसापाण्याची भीती नाही, रोज पुसतील...”

“मलाही कोणी काचेमागे ठेवून रोज पुसणार आहे का, तेही विचार.”

“तसं नाही हो. बरं, एक करू. नवा क्लच बसवा, आणि रविवारी दोघं इकडे जेवायला या. गाडी धक्का न देता घाट चढली, आणि उतरल्यावर तुमचा गुडघा सुजलेला नसला, तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. शब्द देतो.”

तात्यांनी आव्हान स्वीकारले. त्यांना थोरली जायला नको होती, हे उघडच. पण मनाच्या तळाशी गोष्ट याहून निराळी होती. दिवसभर माई धाकटीतून गावभर फिरत. तात्या आपल्या कागदांत. जेवताना वर्तमानपत्र मध्ये येई, संध्याकाळी शेजारपाजार. रविवारचे ते दोन-चार तास मात्र असे होते की एकाचा पाय आणि दुसऱ्याचा हात मिळून एकच माणूस होत असे. हे संग्रहालयाच्या काचेमागे कसे ठेवणार?

सुटे भाग विकणारा दुकानदार मोठा हिकमती होता. गिऱ्हाइकाला कानांपेक्षा पायाने लवकर पटते, हे त्याने ओळखले होते. गल्ल्याजवळ एका जाड फळीवर त्याने तीन पेडल बसवली होती आणि प्रत्येकाला वेगवेगळा क्लच जोडला होता. समोर एक खुर्ची.

“बसा काका. आधी हा घ्या, शर्यतीचा. पकडला की मगरमिठी!”

तात्यांनी पाय ठेवला आणि उचलला. पेडल ताडकन वर आले.

“मधलं काहीच नाही याच्यात,” तात्या म्हणाले. “एक तर सुटलेला, नाही तर धरलेला.”

“तेच तर! हिरव्या दिव्याला सगळ्यांच्या पुढे.”

“आणि मान सगळ्यांच्या मागे,” माई म्हणाल्या. “मानेचे पट्टे पण विकता का तुम्ही?”

दुकानदार हसला आणि त्याने दुसऱ्या पेडलाकडे बोट केले. तो जुन्याच्या जातीचा, जाड स्प्रिंगांचा. तात्यांनी तो दाबला तेव्हा गुडघ्यातून एक बारीक कळ वरपर्यंत गेली. पण चेहऱ्यावर त्यांनी काही दिसू दिले नाही. “हा ओळखीचा वाटतो,” एवढेच म्हणाले.

“ओळखीचा वाटतो म्हणून डोळे का मिटले?” माईंनी विचारले. ज्या बाईने आयुष्यभर वेदना लपवणारी माणसे पाहिली, तिच्यापुढे हा अभिनय कितीसा टिकणार?

तिसऱ्या क्लचमध्ये स्प्रिंगांचा जुडगा नव्हता. कमळाच्या पाकळ्यांसारख्या चिरा पाडलेली एकच पातळ पोलादी तबकडी होती आणि तिच्याखाली मऊ अस्तराची प्लेट. तात्यांनी पाय ठेवला. पेडल खाली गेले, आणि गेले हे तळाला पोहोचल्यावरच पायाला कळले. सोडतानाही ते असे हळुवार वर आले, जसे एखाद्या कसलेल्या गवयाने आडवळणे न घेता अलगद समेवर यावे.

“वा!” तात्या उद्गारले. “हा क्लच नाही, हे सौजन्य आहे.”

“पण पकड पुरेल का याची?” माईंनी ताईंना विचारले. ताई सल्ल्यासाठी सोबत आल्या होत्या.

“पुरते काकू. जोर स्प्रिंगांच्या आडदांडपणात नसतो, तबकडीच्या घडणीत असतो. फक्त ही प्लेट ज्याला टेकते ते फ्लायव्हील मी घासून गुळगुळीत करून घेते. त्यावर खाचा राहिल्या तर नवी प्लेट पण कुरकुरणार. आणि पहिले काही दिवस हिला दामटायचं नाही.”

पसंती झाली. तात्या खुर्चीवरून उठले, तशा माई सहज बसल्या आणि चपलेसकट पाऊल त्या तिसऱ्या पेडलावर ठेवून त्यांनी दाबले. ते पार तळाला गेले. “अगंबाई,” असे त्या अगदी हळू म्हणाल्या आणि उठल्या. तेव्हा ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

क्लच बसला. ताईंनी स्वतः एक फेरी मारून आणली आणि किल्ली तात्यांच्या हातावर ठेवली. तात्या-माई आपापल्या जागी बसले. थोरली निघाली ती पाण्यावरून नाव निघावी तशी. तात्यांचा चेहरा उजळला. आणि दुसऱ्या गियरला—

खर्रर्रर्र.

असा आवाज त्या गाडीने तिच्या आयुष्यात केला नव्हता. तिसऱ्यालाही तसेच. चौथ्याच्या वेळी तर दांडा माईंच्या हातातून झटकून बाहेर आला. चौकातून वळून दोघे परत गॅरेजात आले.

“ताई, हा क्लच सदोष आहे,” तात्यांनी निवाडा दिला.

ताई बसल्या, गल्लीला वळसा घालून आल्या. “काका, गाडी लोण्यासारखी चालतेय. तुम्ही पुन्हा बघा.”

पुन्हा खर्रर्र. पुन्हा ताई, पुन्हा शांतता. तिसऱ्यांदा ताई गाडीतून उतरल्या त्या कपाळाला हात लावून. “माझ्याजवळ शहाण्यासारखी वागते, तुमच्याजवळ हट्ट करते. गाडी आहे की नातवंड? थांबा, मी मागे बसते.”

थोरलीचे मागचे आसन नावाला होते. ताई कशाबशा शिरल्या आणि गुडघे हनुवटीला लावून बसल्या. गाडी सुरू झाली. तात्यांनी क्लच दाबला, माईंचा हात दांड्याकडे गेला, खर्रर्र झाले आणि मागून किंकाळी आली.

“काकू! तुम्ही काय करताय?”

“गियर बदलतेय.”

“तुम्ही?”

“मग कोण बदलणार?” माईंनी निरागसपणे विचारले.

“पाय काकांचा आणि हात तुमचा? हे कधीपासून?”

“प्लास्टरपासून,” तात्या म्हणाले, जणू त्यात सांगण्यासारखे काही नव्हते.

ताईंना हसू आवरेना, आणि त्या जागेत हसणेही अवघड होते. “अहो, मग मला आधी नको का सांगायला? मी आपली बिचाऱ्या क्लचला शिव्या देतेय!”

“त्यात काय सांगायचं?” माई म्हणाल्या. “जेवताना उजव्या हाताने जेवतो, हे आपण सांगतो का कुणाला?”

ताईंनी डोळे पुसले आणि त्या दोघांना पुन्हा गाडी चालवायला लावली. या वेळी त्यांचे लक्ष इंजिनाकडे नव्हते, माणसांकडे होते. दोन वळणे झाल्यावर त्यांनी विचारले, “काकू, काकांनी क्लच दाबला हे तुम्हाला कळतं कसं?”

माई विचारात पडल्या. त्यांनी तात्यांकडे पाहिले. चेहऱ्याकडे नव्हे, त्यांच्या डाव्या खांद्याकडे. आणि त्यांच्या मुद्रेवर हळूहळू उजेड पसरला.

“खांदा,” त्या म्हणाल्या. “अहो, तुमचा खांदा! तो क्लच दाबताना तुम्ही असे अंगाने वर उचलले जायचात. खांदा वर गेला की माझा हात चाले. मोठ्या डॉक्टरांचं असंच होतं. त्यांचा कोपर हलला की मी चिमटा देई. तोंडाकडे मी कधीच बघितलं नाही. आता तुमचा खांदा हलतच नाही.”

तात्यांनी आपल्या खांद्याकडे एकदा पाहिले. सौजन्य, सौजन्य म्हणून ज्याचे कौतुक केले, त्या मऊ क्लचने गुडघ्याची वेदना तर हरली होती. पण तिच्याबरोबर ती खूणही हरपली होती. ज्या जडपणाने पाय थकत होता, त्याच जडपणाने माईंच्या हाताला बातमी पोहोचत होती.

“मुद्दाम हलवा ना खांदा,” ताईंनी सुचवले.

तात्यांनी मुद्दाम हलवला. पण मुद्दाम हलवलेला खांदा आणि आपसूक हललेला खांदा यांत नाटक आणि संसार यांच्याएवढे अंतर. कधी खांदा आधी, पाय नंतर. कधी पाय खाली आणि खांदा विसरलेला. खर्रर्र.

“मग तोंडाने सांगा. ‘हं’ म्हणा.”

तात्यांनी ‘हं’ म्हणायला आरंभ केला. दोन गियर सुरळीत पडले. एवढ्यात माई म्हणाल्या, “रविवारी जाताना सुनेसाठी फुलं घ्यायची ना?” तात्या म्हणाले, “हं.” माईंच्या हाताने इमानेइतबारे गियर ओढला. त्या आवाजाने रस्त्यावरचा एक कुत्रा दूर पळाला.

“तुमचं ‘हं’ भरवशाचं नाही,” माई म्हणाल्या. “माझ्या निम्म्या बोलण्याला तुम्ही तेच उत्तर देता.”

ताईंनी शेवटी अगदी सोपा तोडगा सांगितला. “काका, डावा हात बरा आहे ना तुमचा? मग तुमचा गियर तुम्हीच टाका की.”

माईंनी दांड्यावरचा हात मागे घेतला. तोडगा बिनतोड होता. त्यात नाकारण्याजोगे काही नव्हते.

घरी परतताना तात्यांनी गियर स्वतः टाकले. एकही खरखर नाही, एकही धक्का नाही, गुडघा शांत. चिरंजीवांची अट पुरी होणार, थोरली घरातच राहणार, हे निश्चित झाले. आणि माई? माई दोन्ही हात मांडीवर एकात एक गुंफून बसल्या होत्या आणि खिडकीतून बाहेरची दुकाने पाहत होत्या, पाहुणे माणूस पाहते तशा. तात्यांना त्या गाडीतली इतकी सुरळीत आणि इतकी लांबलेली वाट आठवत नव्हती. गाडी गॅरेजात लावून ते म्हणाले, “जुन्या जातीचाच क्लच बसवून घेऊ.”

“आणि गुडघा?”

“गुडघ्याचं काय, दुखतो आणि राहतो.”

“मी जुन्या नर्सेसपैकी आहे,” माई म्हणाल्या. “खुळेपणावर माझ्याकडे औषध आहे. झोपा आता.”

रविवारी सकाळी तात्या जरा उदासच तयार झाले. फुले घेतली, सदऱ्याची गुंडी चुकली ती सुधारली, आणि थोरलीपाशी येऊन पाहतात तो चालकाच्या जागेवर माई. आसन पुढे ओढलेले, पाठीशी घरातली उशी, डोळ्यांना लांबचा चष्मा.

“हे काय?”

“धाकटी मी चालवते की नाही? थोरलीच्या चक्राला मी हात लावला नाही तो एवढ्याचसाठी, की तिचा क्लच माझ्या पायाला हलत नव्हता. परवा दुकानात दाबून बघितला. हलतो.” त्यांनी किल्ली फिरवली. तावदाने थरथरली. “बसा त्या बाजूला. आणि तो दांडा घ्या.”

“मी?”

“मग काय पाहुण्यासारखे खिडकीतून दुकानं बघत बसणार? ती मी बघून आले, काही मजा नाही त्यात.”

तात्या बसले. त्यांनी उजवा हात दांड्यावर ठेवला. मूठ गुळगुळीत झाली होती. इतक्या वर्षांत तिला माईंच्या तळव्याचा आकार आला होता.

“पण मला कळणार कसं? तुझा खांदा तर—”

“तुम्हाला खांद्याबिंद्याचं काही जमायचं नाही. मी मागेन, तुम्ही द्यायचं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या हातात वस्तू ठेवल्या. आज एकदा मागून बघते.” त्यांनी क्लच दाबला, आणि शस्त्रक्रियागृहात ज्या स्वराला कोणी दुसऱ्यांदा बोलायला लावत नसे, त्या स्वरात म्हणाल्या, “पहिला!”

तात्यांच्या हाताने आज्ञा पाळली. आज्ञा पाळण्याचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. फक्त हाताला तो आजवर कामी आला नव्हता.

“दुसरा!” थोरली कोपऱ्यावरून वळली. “तिसरा!” पेठ मागे पडली. चौथ्याला तात्यांची घाई झाली आणि दांडा किंचित कुरकुरला. माईंनी रस्त्यावरची नजर न काढता म्हटले, “मागितल्याशिवाय द्यायचं नाही, डॉक्टर रागावतात.”

“चूक झाली, डॉक्टरीणबाई.”

घाट आला. गेल्या खेपेला जिथून परतावे लागले होते त्या चढावर माईंनी आवाज चढवला, “दुसरा!” आणि तो मिळताच थोरलीने चढाला छाती लावली. क्लच अलगद धरला, अलगद सुटला. वळणामागून वळण खाली जात राहिले. मध्यावर कुठेतरी तात्यांच्या ध्यानात आले, की माई आता मागतच नाहीत. वळण येण्याआधी त्यांची हनुवटी अर्धा अंगुळ उचलली जाते, आणि आपला हात आपोआप पुढे जातो. त्यांनी हे बोलून दाखवले नाही. चौकशी करायला उभे आयुष्य पडले होते, आणि गेल्या आयुष्याचा अनुभव असा होता की चौकशी न केलेलीच बरी.

चिरंजीव फाटकातच उभे होते. इंजिनाचा आवाज त्यांनी दोन वळणे आधी ओळखला होता आणि एकही धक्का ऐकू आला नव्हता. गाडी थांबताच ते लगबगीने उजव्या दाराकडे गेले, वडिलांना हात द्यावा म्हणून त्यांनी दार उघडले, आणि आतून आई उतरली, काखेत उशी घेऊन.

“आई? तू? बाबा कुठेत?”

“इकडे आहे मी,” दुसऱ्या बाजूने फुलांच्या आडून तात्या म्हणाले.

“तुमचा गुडघा कसा आहे?”

“त्यालाच विचार. वाटभर झोपला होता.”

चिरंजीवांनी एकदा आईकडे, एकदा वडिलांकडे आणि एकदा थोरलीच्या लांब नाकाकडे पाहिले. मग ते हसू लागले. “संग्रहालयवाल्यांना कळवतो,” ते म्हणाले, “की गाडी रिकामी नाही.”

जेवणे झाली, गप्पा झाल्या, उन्हे कलली. निघायच्या वेळी तात्यांनी उशी उचलून स्वतःच चालकाच्या आसनावर पाठीशी नीट लावली आणि ते गाडीला वळसा घालून आपल्या जागी येऊन बसले. माई आल्या, चष्मा पुसला, किल्ली फिरवली.

“अहो, तुम्ही विचारलं होतं ना मागे,” त्या म्हणाल्या, “दांडा परत कधी देणार म्हणून?”

“फार मागे विचारलं होतं.”

“मग घ्या की. आता काही चुकलं तर सांगेन मी.”

त्यांची हनुवटी किंचित वर गेली, आणि तात्यांनी पहिला गियर टाकला.